नक्की तुटलं काय?

मागच्या अंकात मी मिठाच्या आणि साखरेच्या खड्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर या महिन्यात इतकी पत्रं आली की सदराची सगळी जागा त्यांनाच द्यायची ठरवली. प्रश्न वेगवेगळ्या गावांचे आणि वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे आहेत, पण वाचताना मला सारखा माझा वर्ग आठवत राहिला. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत आले. पदार्थ वितळला, फुटला, विरघळला, जळला, तर आधी मला सांगा की नक्की तुटलं काय? ते सांगता आलं की पुढचं उत्तर मुलं स्वतःच देत. आजही तोच प्रश्न हाताशी धरून लिहिते.

प्रश्न : बाई, मुलाने विज्ञान प्रकल्पासाठी तव्यावर एका बाजूला साखर आणि दुसऱ्या बाजूला जाडं मीठ ठेवलं. साखर वितळून तपकिरी झाली, मीठ नुसतंच तडतडलं. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे, मग एवढा फरक कसा? आणि तडतडणं म्हणजे मिठातले बंध तुटणं का? (एक गृहिणी, नाशिक)

मुलाला माझी शाबासकी सांगा. दोन्ही पदार्थ एकाच तव्यावर, एकाच आचेवर ठेवायचं त्याला सुचलं, म्हणून तुलना खरी झाली.

आधी साखर घेऊ. साखरेच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन असे ४५ अणू असतात. ते इलेक्ट्रॉनच्या जोड्या आपसांत वाटून घेऊन घट्ट बांधलेले असतात. हाच सहसंयुज बंध. पण एक रेणू आणि त्याच्या शेजारचा रेणू यांच्यात असा बंध नसतो, तिथे असते ती फक्त ओढ. हायड्रोजन बंध म्हणतात ती ही ओढ, आणि आतल्या बंधांच्या मानाने ती बरीच दुबळी. सुमारे १८६ अंश सेल्सिअसला ही ओढ सुटते, रेणू एकमेकांवरून घसरायला लागतात आणि साखर पातळ होते. इथवर रेणू शाबूत असतो. आच तशीच राहिली की रेणूच्या आतले बंधही तुटायला लागतात. पाणी वाफ होऊन निघून जातं, उरलेले तुकडे नव्याने जोडले जातात, रंग तपकिरी होतो आणि कॅरॅमलचा तो खमंग वास येतो. तव्यावर या दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळून घडतात, त्यामुळे कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. पण तपकिरी झालेलं परत साखर होत नाही, यावरून रेणू मोडला हे समजतं.

मिठाचं घडणंच निराळं. सोडिअमने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला, क्लोरीनने तो घेतलेला. एक धनभारित, एक ऋणभारित. अशा भारित कणांनाच आयन म्हणतात, आणि क्लोरीनचा आयन म्हणजे क्लोराइड. प्रत्येक सोडिअमच्या भोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडच्या भोवती सहा सोडिअम, असं वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे खड्याच्या टोकापर्यंत चालू असतं. साखरेत रेणूंच्या मध्ये दुबळी जागा होती, तशी इथे कुठेच नाही. वितळायचं तर ही सगळ्या बाजूंची ओढ सैल पडली पाहिजे, आणि त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. घरातल्या तव्याच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

आता तडतडणं. याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार, कारण हे माझ्या घरचं आहे. माझं बालपण पेणच्या खाडीकाठी गेलं. बाबा मिठागरावर कामाला होते. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं, उन्हाने ते दाट होत जायचं आणि शेवटच्या वाफ्यात दाणा धरायचा. दाणा वाढत असताना खारट पाण्याचे बारीक थेंब त्याच्या पोटातच अडकून पडतात. बाबा एखादा मोठा खडा उन्हाकडे धरून मला दाखवायचे. कडेला काचेसारखा नितळ, मध्ये ढगाळ. तो ढग म्हणजे अडकलेलं पाणी.

आमची आजी आम्हा भावंडांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. मीठ जोरात तडतडलं की म्हणायची, "बघा, केवढी नजर लागली होती पोराला." तिची माया खरी होती, आणि तो आवाज आजही माझ्या कानांत आहे. आवाज यायचा तो त्या अडकलेल्या थेंबांचा. पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटींहून जास्त जागा मागते. खड्याच्या पोटात तेवढी जागा कुठून असणार? खडा फुटतो आणि तुकडे उडतात. म्हणजे तडतडताना तुटला तो खडा. उडालेला प्रत्येक तुकडा अजून मीठच आहे, चाखून बघितलं तर खारटच लागेल. मुलाला सांगा, पुढच्या वेळी जाड्या मिठाशेजारी चिमूटभर बारीक मीठही ठेव. ते फारसं तडतडत नाही, कारण एवढ्याशा दाण्यात पाणी अडकायला जागा नसते.

आणि एक बघा. जाड्या मिठाचा खडा वरवंट्याने हलकेच ठेचून तुकडे भिंगाखाली धरा. कडा सरळ आणि कोपरे काटकोनी दिसतील. घाव बसला की आयनांचा एक थर किंचित सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा थरांच्या रेषेतच सपाट फुटतो.

प्रश्न : मिठाचा रेणू कसा दिसतो? चित्र कुठेच सापडत नाही. आणि मीठ आयनांचं बनलेलं आहे तर कोरडं मीठ वीज का वाहत नाही? (इयत्ता नववी, बीड)

चित्र सापडत नाही कारण मिठाचा रेणू नसतोच. आपण सूत्र लिहितो ते फक्त प्रमाण आहे, एकास एक. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या खड्याची आतली मांडणी शोधली, तेव्हा त्यात सोडिअम-क्लोरीनची सुटी जोडी कुठेच दिसली नाही. त्याला आणि त्याच्या वडिलांना १९१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, तरी हे पचवणं मोठमोठ्यांना जड गेलं. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या नावाजलेल्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ साली सुद्धा 'नेचर' या नियतकालिकात त्याविरुद्ध तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. तेव्हा तू गोंधळलास यात तुझं काही चुकलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करूनच बघ. ९ व्होल्टची बॅटरी, एक छोटा एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली एवढंच लागतं. सगळं तारांनी एका पाठोपाठ एक जोड आणि पेन्सिलींची खालची टोकं एकमेकांना न चिकटवता वाटीत ठेव. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन बाजूकडे यायला हवा. वाटीत कोरडं मीठ असताना एलईडी लागणार नाही. थोडं पाणी घाल, लागेल. दुसऱ्या वाटीत साखरेचं पाणी घे, पुन्हा लागणार नाही. कोरड्या मिठात आयन आहेत, पण जागचे हलू शकत नाहीत. पाण्यात पडले की पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाभोवती गोळा होतात, त्याला खड्यापासून सोडवतात, आणि आयन मोकळे फिरू लागतात. साखर विरघळते तेव्हा रेणू एकमेकांपासून सुटे होतात, पण प्रत्येक रेणू आख्खाच राहतो. त्याच्यावर भार नाही, मग वीज वाहणार कोण? पेन्सिलीच्या टोकाशी बुडबुडे येतील, ते नीट बघ. प्रयोग खिडकीजवळ, एक-दोन मिनिटंच कर. आणि घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही, कुणी सांगितलं तरी, वापरायची नाही.

प्रश्न : आमच्या वहीत तक्ता आहे. आयनिक संयुगं : द्रवणांक जास्त. सहसंयुज संयुगं : द्रवणांक कमी. मग हिरा सहसंयुज असूनही एवढा कठीण कसा? तक्ता चुकीचा आहे का? (इयत्ता दहावी, संगमनेर)

तक्ता अर्धाच आहे, आणि या अर्ध्या तक्त्याने मुलांचं फार नुकसान केलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं तो घडाघडा म्हणतात आणि समोर हिरा किंवा वाळू आली की अडतात. तू अडलीस आणि विचारलंस, याचा मला आनंद झाला.

द्रवणांक म्हणजे पदार्थ वितळतो ते तापमान. ते कमी असणं हा सहसंयुज बंधाचा गुण नव्हेच. साखर, मेण, कापूर लवकर वितळतात किंवा उडून जातात, कारण त्यांच्या दोन रेणूंमधली ओढ कमी असते. सहसंयुज बंध तिथे तुटतच नाही, तो तर फार मजबूत असतो. हिऱ्यात एक कार्बन चार कार्बनांना बांधलेला, त्यातला प्रत्येक पुढच्या तिघांना, असं करत सगळा हिरा हाच एक रेणू होतो. एक कॅरेट हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम. त्यात साधारण १ वर २२ शून्यं इतके अणू, आणि सगळे एकाच बांधणीत. सैल जागाच नाही, तर सुटणार काय? नदीच्या वाळूतली सिलिका हीसुद्धा अशीच सिलिकॉन-ऑक्सिजनची सलग जाळी आहे, आणि ती वितळायला सुमारे १७०० अंश लागतात.

आता पेन्सिल हातात घे. तिच्यातलं ग्रॅफाइट हाही कार्बनच. इथे प्रत्येक अणू तिघांनाच धरतो, त्यामुळे सपाट थर तयार होतात. थरात दोन अणूंमधलं अंतर १.४२ अँगस्ट्रॉम (अणूंच्या मापाचं अगदी बारीक एकक), पण दोन थरांमधलं ३.३५. थर एकमेकांना जेमतेम धरून असतात. तू लिहितेस तेव्हा थर सुटून कागदावर उतरतात. अणूंचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून पेन्सिल वीज वाहते. वरच्या प्रयोगात तारेच्या जागी ती चालली ती त्यामुळेच. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात, तो वीज वाहत नाही. दोन्ही एकच मूलद्रव्य आहेत हे स्मिथसन टेनंटने १७९७ साली हिरे जाळून सिद्ध केलं. जळल्यावर मिळाला तो कार्बन डायऑक्साइडच, आणि तोही तितक्याच वजनाच्या कोळशाइतका.

तुझ्या तक्त्यात हाताने आणखी एक रकाना आख : 'सुटे कण कोणते आणि त्यांना कोण धरून आहे?' साखरेसमोर लिही : रेणू, दुबळी ओढ. हिऱ्यासमोर लिही : अणू, सहसंयुज बंध. मिठासमोर : आयन, विरुद्ध भारांची ओढ. तांब्यासमोर काय लिहायचं ते या अंकात पुढे आलंच आहे.

जाता जाता, हिरा घणाने फुटत नाही ही समजूत खोटी आहे. कठीण म्हणजे त्याच्यावर ओरखडा उठत नाही. योग्य दिशेने घाव बसला तर तो सरळ दुभंगतो.

प्रश्न : बाई, बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते, असं क्लासमध्ये सांगितलं. जीवशास्त्रातही एटीपीचा बंध तुटून ऊर्जा मिळते असं आहे. पण तुमच्या मागच्या लेखात बंध तोडायला ऊर्जा लागते असं होतं. खरं काय मानू? (इयत्ता अकरावी, लातूर)

बंध तोडायला ऊर्जा लागते. नेहमी, प्रत्येक बंधाला. ऊर्जा मिळते ती बंध जुळताना. यात अपवाद शोधत बसू नकोस.

फ्रिजवर लावायची दोन चुंबकं घे. एकमेकांना चिकटलेली असताना ओढून वेगळी कर. जोर कुणाला लागला? तुला. आता जवळ सोड. टक् करून आपटतील. तो आवाज, तो धक्का म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा. अणूंचंही असंच आहे.

मग गॅस जळतो तेव्हा उष्णता येते कुठून? आकड्यांनी बघू, म्हणजे शंका उरणार नाही. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. १६ ग्रॅम, म्हणजे एक मोल (रेणूंची ठरावीक मोठी संख्या), मिथेन जाळायचा आहे. त्यातले कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायचे, प्रत्येकी सुमारे ४१३ किलोज्यूल, एकूण १६५२. दोन मोल ऑक्सिजन तोडायचा, प्रत्येकी ४९८, एकूण ९९६. म्हणजे आधी २६४८ किलोज्यूल आपल्याच पदरचे गेले. आता जुळणी बघ. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, एकूण १५९८. पाण्याचे दोन रेणू, त्यांत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४६३, एकूण १८५२. हाती आले ३४५०. खर्च वजा जाता उरले ८०२ किलोज्यूल, आणि त्यांच्यावर आपला चहा उकळतो.

आता सांग, गॅस नुसता सोडला तर आपोआप का पेटत नाही, लायटर का लागतो? पहिल्या काही रेणूंचे बंध तोडण्यापुरती ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. एकदा जुळणी सुरू झाली की तिच्यातून मिळालेल्या ऊर्जेवर शेजारचे रेणू तुटतात, आणि ज्योत टिकते.

एटीपीबद्दल, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूबद्दल : तिथेही तो बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पण पाण्याशी अभिक्रिया होऊन जे पदार्थ तयार होतात ते आधीपेक्षा जास्त स्थिर असतात, म्हणून सगळा हिशेब मांडल्यावर ऊर्जा उरते. 'बंध तुटून ऊर्जा मिळते' हे त्या सगळ्या हिशेबाचं घाईत केलेलं आखूड रूप आहे. ते ऐकून मुलं बंध म्हणजे ऊर्जेची भरलेली पिशवी समजतात, आणि पुढे ऊष्मादायी (उष्णता देणाऱ्या) आणि ऊष्माग्राही (उष्णता घेणाऱ्या) अभिक्रियांमध्ये चाचपडत राहतात. माझ्या वर्गात मी हे वाक्य कुणाला लिहू दिलं नाही.

प्रश्न : आजीचं तांब्याचं मोठं पातेलं माझ्याकडे आलं आहे. आतली कल्हई गेली आहे. नवी कल्हई करून घ्यावी म्हणतो. कल्हई हा रंगासारखा वरून दिलेला थर असतो का? आणि नवसागर कशासाठी टाकतात? (एक वाचक, पुणे)

पातेलं मोडीत घातलं नाहीत याबद्दल आधी तुमचे आभार मानते.

आमच्या आळीत पावसाळा संपला की कल्हईवाले काका यायचे. जमिनीत हातभर खड्डा करून त्यात कोळसे, कडेला चामड्याचा भाता. पातेलं आधी वाळूने घासून घ्यायचं, मग निखाऱ्यावर धरून सांडशीने गोल गोल फिरवायचं. तांबं तापलं की काका त्यात नवसागराची चिमूट टाकायचे. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. लगेच कथलाची कांडी एक-दोनदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचं. काळपट तांबडं भांडं क्षणात आतून चांदीसारखं व्हायचं. मग पाण्याच्या बादलीत बुडवलं की चर्र. मी प्रत्येक भांड्याला तितक्याच उत्सुकतेने बघत बसायची, आणि मी रसायनशास्त्राकडे वळले त्याला तो खड्डा बराच कारणीभूत आहे.

नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तापलेल्या भांड्यावर पडताच त्याचे दोन वायू होतात : अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. यातला हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर खाऊन टाकतो. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागर होतो, त्याचे बारीक कण म्हणजे तो पांढरा धूर. बंध तुटणं आणि परत जुळणं एकाच श्वासात, डोळ्यांसमोर! प्रयोगशाळेतही याहून सुंदर प्रयोग मी क्वचितच दाखवू शकले.

ऑक्साइड का काढायचा? आता धातूंच्या बंधाकडे येऊ. तांब्यात अणू शिस्तीत रचलेले असतात आणि त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे नसतात. ते सगळ्यांमध्ये मोकळे फिरतात आणि सगळ्यांना धरून ठेवतात. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. म्हणजे कल्हईच्या वेळी तांबं घट्टच राहतं, कथील पाण्यासारखं पसरतं. मध्ये ऑक्साइड नसेल तर धातूला धातू भिडतो, आणि सीमेवर तांबं आणि कथील यांचं मिळून एक पातळ संयुग तयार होतं. तेव्हा कल्हई रंगासारखी वरवर चिकटलेली नसते, ती तांब्यात थोडी रुजलेली असते. तिचा पापुद्रा निघत नाही. ती घासून घासून झिजते. म्हणून तारेच्या घासणीने भांडं घासू नका. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं तर २३२ अंश चटकन गाठले जातात आणि कल्हई जागोजाग गोळा होते, तेही टाळा.

कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की कळकतं, ते का हेही विचाराल. आंबट पदार्थातलं आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांबं आयनांच्या रूपात पदार्थात उतरवतात. त्याची चव कडवट असते आणि पोटालाही ते बाधतं. कल्हई करताना कथील शुद्ध आहे ना, हे नक्की विचारा. सोल्डरच्या जुन्या तारेत शिसं असतं, ते अन्नाच्या भांड्यात कदापि नको.

तुम्ही पुण्याचेच आहात, तर एकदा कसब्यातल्या तांबट आळीत उभे राहून बघा. तिथले कारागीर भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. मिठाच्या खड्यावर एक घाव घातला तर तो फुटतो. तांब्यावर हजार घाव बसतात आणि ते आकार घेतं. थर इथेही सरकतात, पण मोकळे इलेक्ट्रॉन सरकलेल्या थरालाही तसेच धरून ठेवतात, समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलणारं कुणी नसतं. ठोकत गेलं की मात्र आतल्या रचनेतले दोष एकमेकांत अडकतात आणि तांबं कडक होत जातं. तेव्हा कारागीर भांडं भट्टीत लाल तापवतो, अणू पुन्हा नीट लागतात, तांबं मऊ होतं आणि परत ठोकायला येतं. हे त्यांना पुस्तकाशिवाय, पिढ्यान् पिढ्या हाताने माहीत आहे.

प्रश्न : थंडीत खोबरेल तेल गोठलं. शेंगदाण्याचं तेल शेजारीच होतं, ते पातळ राहिलं. खोबरेलात भेसळ असेल का? (एक वाचक, नागपूर)

गोठलं म्हणून भेसळ ठरत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतंच. त्याच्या रेणूंच्या साखळ्या बहुतेक सरळ असतात, काड्यांच्या पेटीतल्या काड्यांसारख्या जवळजवळ बसतात, म्हणून त्यांची एकमेकांवरची ओढ जास्त. शेंगदाणा तेलातल्या बऱ्याच साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो. वाकड्या काड्या नीट रचता येत नाहीत, ओढ कमी पडते, तेल पातळ राहतं. दोन्हीकडे रेणूंच्या आतले बंध जसेच्या तसे असतात. बाटली उन्हात ठेवा, तेल होतं तसं होईल, गुणात काही फरक पडणार नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. तांदळाचे दाणे टाकून काही होतं का? (एक गृहिणी, रत्नागिरी)

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढतं, आणि कोकणातल्या पावसात ती त्याच्या वरच असते. पण मिठात मॅग्नेशिअम क्लोराइड उरलं असेल तर ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. मॅग्नेशिअमच्या आयनावर दुप्पट भार आणि आकार लहान, त्यामुळे पाण्याच्या रेणूंना तो घट्ट धरतो. म्हणून मिठागरावर काढलेलं मीठ लगेच पोत्यात भरत नाहीत, रास करून निथळू देतात. मॅग्नेशिअमचं कडू पाणी खाली झिरपून जातं. बाबा घरी मीठ आणायचे ते नेहमी जुन्या राशीचं, आणि तेही राशीच्या वरच्या भागातलं.

तांदूळ थोडी ओल शोषतो, पण लवकरच तोही ओलसर होतो. त्यापेक्षा तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बरणीत ठेवा आणि आठवड्याने पुन्हा भाजा. बरणी चिनी मातीची, झाकण घट्ट, आणि चमचा कोरडा.